तांदळाच्या डब्यावरचं विमान

मुलीने दुबईचं तिकीट पाठवलं, तेव्हा पंधरा दिवस मी तिला पासपोर्ट सापडत नाही म्हणून सांगत होतो. पासपोर्ट कपाटात, गरम कपड्यांच्या घडीखाली होता. बायकोला ते माहीत होतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे ती येणार नव्हती. एका संध्याकाळी काठी टेकत जाऊन तिने तो काढला, माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "जा. आणि सांगून टाका एकदाचं."

प्रवासाच्या लेखाला ही सुरुवात शोभत नाही, कळतं मला. मी कोल्हापुरात भूगोल शिकवतो. वाळवंटातल्या वाऱ्यांपासून सुरुवात केली असती तर माझंही बरं चाललं असतं. पण हे वाचणाऱ्यांत माझ्या शाळेतले मित्र असतील, सासरची मंडळी असतील, आणि त्या सगळ्यांना मी आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आलो: माझे वडील लढाऊ विमानाचे पायलट होते.

ते सुतार होते. मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला होते आणि रविवारी हवाई दलाच्या राखीव स्क्वाड्रनमध्ये जायचे. त्या काळी अशी लढाऊ विमानांची राखीव पथकं होती. आठवडाभर आपापली नोकरी करायची, सुट्टीच्या दिवशी गणवेश चढवायचा आणि बोलावणं आलं की लढाईला उभं राहायचं. वडील तिथे विमानाचं लाकूडकाम बघायचे. स्क्वाड्रन मोडली तेव्हा मी पाळण्यात होतो. मग आम्ही कोल्हापूरला आलो आणि वडिलांनी दुकान टाकलं. नव्या गावात आमची जुनी ओळख कुणाला नव्हती, आणि मला एक चांगली ओळख हवी होती.

आता माझ्या मुलीला, मुग्धाला, त्या स्क्वाड्रनचा एक पायलट सापडला होता. हयात, ठणठणीत, दुबईहून गाडीने दीड तासावरच्या अल ऐनमध्ये मुलाकडे राहणारा. "बाबा, सरप्राइज!" ती फोनवर म्हणाली. "आजोबांच्या शेजारी उडालेला माणूस! शनिवारी जायचंय आपल्याला."

करामा

मुग्धाचं घर करामा या जुन्या वस्तीत. चार मजली जुन्या इमारती, खाली केरळी हॉटेल, शेजारी शिंपी, पलीकडे चक्क वडापाव. जिन्यात कुणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास. दुबई म्हटल्यावर मी मान वर करून बघायची तयारी करून गेलो होतो, ती इथे लागलीच नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर करक चहा मिळतो, दाट आणि वेलदोड्याचा. "दीड दिरहम," मुग्धा म्हणाली आणि लगेच मोठ्याने, "म्हणजे आपले पस्तीसेक रुपये." सात वर्षं राहूनही तिचं हे सुटलेलं नाही. मला उगाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नातीने, इराने, मला मेट्रोतून मरीना दाखवायला नेलं. ती नऊ वर्षांची आहे आणि माझी जबाबदारी तिने मनापासून घेतली होती. तरी मी डबा चुकलोच. जमिनीवरची गुलाबी रेघ ओलांडून बायकांच्या डब्यात जाऊन ऐसपैस बसलो. "आजोबा! पिंक लाइन!" ती दारातून ओरडली. एक फिलिपिनो बाई हसून म्हणाली, "नो प्रॉब्लेम, पापा," आणि हाताने मला वाट दाखवली. मरीनातले मनोरे पाण्याच्या कडेला असे दाटीने उभे आहेत की एकाची सावली दुसऱ्याच्या खिडकीत पडते. छान आहेत. पण माझं लक्ष नव्हतं, कारण वाटेत इरा तिचा शाळेचा प्रोजेक्ट समजावून सांगत होती. पुठ्ठ्यावर निळं आकाश, चांदीच्या कागदाचं विमान आणि वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: 'माझे पणजोबा, फायटर पायलट'. सोमवारी शाळेत प्रदर्शन होतं, आणि आजी-आजोबांना बोलावणं होतं.

"डिड यू ब्रिंग इट?" घरी आल्यावर तिने विचारलं.

आणलं होतं. पिशवीतून काढून तिच्या हातात दिलं. वीतभर रुंदीची, कडेला किंचित वाकलेली एक फळी. आमच्याकडे ती कायम तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून असायची. वर-खाली पातळ प्लाय, मध्ये शेवरीसारखं हलकं लाकूड. तळहातावर ठेवली तर आहे की नाही ते कळत नाही.

"इट्स जस्ट वुड," इरा हिरमुसली. "पार्ट ऑफ द प्लेन म्हणालास ना?"

"विमान लाकडाचंच होतं. म्हणजे पायलट बसतो तो पुढचा भाग. बाकी धातूचं. जेट विमान, नाव व्हॅम्पायर."

"जेट? मेड ऑफ वुड?" तिने आईकडे बघितलं. आजोबा थापा मारतायत का, असा तो चेहरा. नेमक्या याच गोष्टीत मी मारत नव्हतो.

अल ऐनच्या रस्त्यावर

दुबई मागे पडली की वाळूचा रंग बदलत जातो. आधी पांढुरकी, मग गव्हाळ, आणि अल ऐनकडे जाताना एकदम तांबूस, आपल्याकडच्या विटेच्या भुकटीसारखी. रस्त्याच्या दोन्ही कडांना कुंपण. उंट गाडीखाली येऊ नयेत म्हणून. वर्गात मी वाळूच्या टेकड्यांचे प्रकार फळ्यावर काढतो. इथे त्या डोळ्यांसमोर एकीतून एक उगवत होत्या आणि मला एकाही प्रकाराचं नाव आठवेना.

"मुग्धा, गाडी जरा बाजूला घे."

"का? उलटी होतेय का?"

"नाही. घे तू."

पुढच्या पेट्रोल पंपावर तिने गाडी लावली. इरा आइस्क्रीम आणायला दुकानात गेली, काचेतून दिसत होती. मी समोरच्या चंद्रकोरीसारख्या टेकडीकडे बघत सांगितलं. तुझे आजोबा पायलट नव्हते. सुतार होते. मी सहावीत असताना वर्गात पायलट म्हणून सांगितलं आणि मग ते परत घेता आलं नाही.

मग मी उरलेलंही सांगितलं. तेच जास्त अवघड होतं. हेडमास्तरांना कळलं की आपल्या शाळेत पायलटचा मुलगा आहे. त्यांनी वडिलांना मुलांसमोर बोलायला बोलावलं, निरोप माझ्याकडेच दिला. मी घरी फक्त 'शाळेत बोलावलंय, विमानाबद्दल बोलायला' एवढं सांगितलं. वडील इतके खूश झाले की आईला म्हणाले, पांढरा शर्ट काढ. त्यांनी ही फळी पुसून घेतली. मुलांना वाजवून बघू द्यायची, म्हणाले. लाकूड चांगलं आहे की नाही ते आवाजावरून कळतं, पोरांना मजा वाटेल. शर्टाला इस्त्री करून झाली, तेव्हा मी रडत सांगितलं, बाबा, येऊ नका, मी पायलट म्हणून सांगितलंय.

"मग?" मुग्धाने विचारलं.

"इस्त्री केलेला शर्ट घडी घालून आईकडे परत दिला. मग म्हणाले, 'मग सर्दी झालीय म्हणून सांग.' फळी पुन्हा डब्यावर ठेवली. त्यानंतर त्यांनी स्क्वाड्रनचा विषय घरात कधी काढला नाही. माझ्या लग्नात तुझ्या आजोळच्यांनी विचारलं, विमानं चालवायचात म्हणे? तर म्हणाले, फार जुनी गोष्ट आहे ती."

मुग्धाचे हात अजून स्टीअरिंगवरच होते. "मी कॉलेजच्या इंटरव्ह्यूत सांगितलंय, बाबा. इथल्या ऑफिसात सांगितलंय. लहानपणी मी आजोबांनाच विचारायचे, ढगात कसं वाटतं हो? कधीच नाही म्हणाले नाहीत. 'पोटात कालवतं गं,' म्हणायचे." तिचा आवाज चढला. "तेही खोटंच बोलत होते? तुमच्यासाठी?"

तेवढ्यात इरा आइस्क्रीम घेऊन आली, मागे बसली. मुग्धाने तिला इंग्रजीत दोन वाक्यांत सगळं सांगितलं. लपवाछपवी पुरे, असा तिचा सूर होता.

"सो आजोबा लाइड?" इराने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"माझा पोस्टर राँग आहे?"

"हो बाळा."

तिथून अल ऐनपर्यंत इरा माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत राहिली.

अल ऐन

दुबईहून आलेल्याला अल ऐन म्हणजे आवाज बारीक केल्यासारखं वाटतं. बुटकी घरं, रुंद रस्ते, प्रत्येक चौकात फुलं आणि मागे जेबेल हफीतचा उघडा डोंगर. त्या पायलटच्या, परकारांच्या, दारात बोगनवेल होती. मुग्धाची ऑफिसातली मैत्रीण शबाना, परकारांची नात, दारातच उभी होती. "या या, काका. दादा सकाळपासून दाढी करून बसलेत."

इब्राहीम परकार मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईत वकिली केलेले, नव्वदीला टेकलेले. पांढरा सदरा, चौकड्यांची लुंगी, ताठ पाठ. मी वाकलो तर हाताने थांबवलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नारायण नावाचा पायलट आमच्यात नव्हता," ते म्हणाले. "पोरगी फोनवर नाव सांगत होती, मी आठवून आठवून थकलो. म्हटलं, बघूया तरी कोण तोतया येतोय."

"नारायण सुतारकाम करायचे, त्यांचा मी मुलगा."

म्हातारा हलला. "नारू मिस्त्री? तू नारू मिस्त्रीचा?" मग डोळे बारीक झाले. "मग पायलट कुणी केलं त्याला?"

"मी. सुतार म्हणायला लाज वाटली."

शबानाने मुग्धाकडे बघितलं, मुग्धाने जमिनीकडे.

"आमच्या स्क्वाड्रनमध्ये लाज एकाच गोष्टीची होती," परकारकाका म्हणाले. "उशिरा यायची. तू बराच उशिरा आलास रे." आणि शबानाला, "पोरी, ताटं घे. भुकेल्या माणसाला आणखी काय बोलायचं?"

जेवण कोकणचं आणि आखाताचं मिळून होतं. आधी खजूर आणि कडूसर अरबी कॉफी, मग तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण आणि रत्नागिरीहून आलेल्या आमसुलांची सोलकढी. सुरमईला इथे कनद म्हणतात. "नाव बदललं तरी काटे तेवढेच," परकारकाका म्हणाले. तिखटाच्या बाबतीत मी कोल्हापूरकर आहे, सहज कौतुक करत नाही. त्या कालवणासाठी दोनदा भातही घेतला.

जेवणानंतर ते बोलायला लागले. इरा त्यांच्या पायाशी बसली होती, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत, म्हणून तेही मधूनमधून इंग्रजीत जात.

"सोमवार ते शनिवार मी वकील. भाडेकरू आणि घरमालक, घरमालक आणि भाडेकरू. आमच्यात एक विमा एजंट होता, एक रसायनशास्त्राचा प्रोफेसर, एक बेकरीवाला. तो नानकटाई आणायचा, म्हणून त्याचं लँडिंग कसंही झालं तरी कुणी काही बोलायचं नाही. रविवारी पहाटे सगळे हजर. कायम नोकरीतले आम्हाला काय म्हणायचे माहितीये? रविवारचे जावई. येतात, खातात, जातात."

"राग नाही यायचा?" मुग्धाने विचारलं. पेट्रोल पंपानंतरचं तिचं ते पहिलंच मराठी वाक्य.

"यायचा ना. पण मग लढाई लागली आणि बोलावणं आलं. मी पक्षकारांसाठी पुढच्या तारखा घेतल्या. बेकरीवाल्याने भट्टी भावाच्या गळ्यात टाकली. प्रोफेसर तर खडूने माखलेल्या हातांनीच आला. कायमच्या स्क्वाड्रन सरहद्दीला गेल्या आणि किनारा जावयांकडे आला. महिनोन्महिने घिरट्या घातल्या आम्ही. माझ्या गावावरून गेलो तर माझी आई अंगणात चादर घेऊन हलवायची. दर विमानाला हलवायची, मी असो नसो." ते हसले. "एकही गोळी झाडावी लागली नाही. लोक विचारतात, मग तुम्ही केलंत काय? अरे, दारात कुत्रा बसलाय म्हणून चोर आला नाही, तर कुत्र्याने काय केलं?"

"अँड माय पणजोबा?" इराने विचारलं.

"तेच सांगतोय. विमानाचं नाक लाकडाचं. मुंबईची हवा दमट. लाकूड फुगायचं, जोड सुटायचे. तुझे पणजोबा ते काढून नवीन तुकडा बसवायचे, चिकटवायचे. आणि आमच्या पहिल्या कमांडिंग ऑफिसरने एक रिवाज घातला होता, दुसऱ्या कुठल्या स्क्वाड्रनमध्ये मी तो ऐकला नाही. ज्याने चिकटवलं, त्याने पहिल्या फेरीला पायलटच्या शेजारी बसायचं. शिकवायचं विमान असेल, दोन खुर्च्यांचं, तर आत. एका खुर्चीचं असेल तर धावपट्टीच्या टोकाला उन्हात, टोपी काढून उभं राहायचं, विमान उतरेपर्यंत."

मी खुर्चीत पुढे सरकलो. "म्हणजे बाबा... बसले होते?"

"बसले होते? पहिल्यांदा माझ्याच शेजारी होता. समुद्रावर वळवलं विमान आणि हा आपल्या टोपीत ओकला. भडाभडा. उतरल्यावर पांढराफटक. मला वाटलं, संपलं, हा काही परत येत नाही. पुढच्या वेळी आला तो दुसरी, जुनी टोपी खिशात घालून. खास ओकायला!"

इरा खिदळायला लागली. "ही थ्रू अप अगेन?"

"एव्हरी टाइम, माय डिअर. एव्हरी सिंगल टाइम. कमांडिंग ऑफिसरनाच दया आली. म्हणाले, मिस्त्री, डॉक्टरची चिठ्ठी घ्या, तुम्हाला माफ. तर हा म्हणतो, साहेब, चिकटवणाराच बसला नाही तर उडवणाऱ्याने काय समजायचं?" परकारकाकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "लढाईच्या दिवसांत नवीन पोरं यायची, लाकडाच्या जेटला बघून घाबरायची. मग नारू मिस्त्री टोपी खिशात कोंबून शिडी चढताना दिसला की गप्प बसायची. त्याच्या ओकण्यावर आमचा भरवसा होता रे. उडायला मजा येते तो उडतो, त्यात काय? हा माणूस मजा येत नसताना उडायचा."

मुग्धा हसत होती आणि डोळे पुसत होती. "पोटात कालवतं," ती म्हणाली. "बाबा, ते खरंच सांगत होते."

मला हे काहीच माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? सांगू शकणाऱ्या माणसाला मी सर्दी लावून घरी बसवलं होतं. मी वडिलांना चोरून पायलटची खुर्ची दिली, आणि त्यांची स्वतःची खुर्ची तिच्या शेजारीच होती. ती कुणाचीही उसनी नव्हती. छाती भरून आली होती आणि मान वर होत नव्हती, दोन्ही एकदम.

फळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटाच्या पेराने ठक् ठक् केलं, नाकाशी धरली. "शेवटच्या दिवशी विमानं मोडीत निघाली तेव्हा कापून घेतली असेल. कुठे ठेवता?"

"तांदळाच्या डब्यावर."

"ओल लागत नाही ना? मग बरोबर आहे जागा."

उन्हं कलल्यावर ते आम्हाला खजुराच्या बागेत घेऊन गेले, शबानाच्या हाताला धरून. मातीच्या भिंतींमधल्या गल्ल्या, वर झावळ्या आणि मधून फलज, म्हणजे डोंगराकडून आणलेला पाण्याचा पाट. प्रत्येक बागेला पाण्याची पाळी ठरलेली, अगदी आपल्या उसाच्या पट्ट्यासारखी. आणि पाळीवरून होणारी भांडणंही तशीच, परकारकाका म्हणाले. वकील माणूस, त्यांनी चौकशी केली होती. इराने चपला काढून पाय पाटात सोडले.

"आजोबा," ती म्हणाली, "आय नीड अ न्यू टायटल." माझ्याशी ती परत बोलायला लागली होती.

शाळा

सोमवारी मी पांढरा शर्ट घातला. इस्त्री मुग्धाने केली.

वर्गात पुठ्ठ्यांची रांग होती. कुणाची आजी डॉक्टर, कुणाचे आजोबा मोती काढायला बुडी मारणारे. इराने जुन्या नावावर कागद चिकटवला होता आणि चांदीच्या विमानात आता दोन माणसं होती. एकाच्या हातात टोपी. पण बाईंनी नवा कागद वाचलेला नव्हता. प्रेमळ केरळी बाई, टाळ्या वाजवत म्हणाल्या, "चिल्ड्रन, धिस इज इराज् ग्रँडफादर. हिज फादर वॉज अ फायटर पायलट!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. इरा माझ्याकडे बघत होती. मुग्धा मागच्या भिंतीशी उभी होती. इतकी वर्षं मी या जागी मान हलवून हसत आलो होतो. ते इतकं अंगवळणी पडलेलं की मान आपोआप हलायला लागली, आणि ती मी थांबवली.

"नो, मिस," मी म्हणालो. "ही वॉज द कारपेंटर."

आणि मग माझ्या मोडक्या इंग्रजीत, अडलं तिथे हिंदीत, सगळं सांगितलं. लाकडाचं जेट, रविवारचे जावई, बेकरीवाल्याची नानकटाई, चिकटवणाऱ्याने शेजारी बसायचा रिवाज. टोपीपर्यंत आलो तेव्हा वर्ग किंचाळत होता. फळी पहिल्या बाकावर दिली. "वाजवून बघा," मी म्हणालो. ती हातोहात फिरली. प्रत्येकाने पेराने ठोकली, कानाशी धरली. एका मुलीने विचारलं, "वॉज ही स्केअर्ड?"

मी उत्तर देणार तोच इरा म्हणाली, "यस. एव्हरी टाइम." आणि असं म्हणाली की जणू याहून मोठी पदवी कुणाला नसते.

फळी इराकडे ठेवून कोल्हापूरला परतलो. शाळेतल्या माझ्या मित्रांनी आता घरी यावं, बाकीचं तोंडी सांगेन. हेडमास्तर असते तर आधी त्यांच्याकडे गेलो असतो. तांदळाच्या डब्यावर सध्या स्टीलची ताटली आहे. ती नीट बसत नाही, हात लागला की घरंगळत खाली येते. परवा अशीच खणखणत फरशीवर पडली, तर स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "सुताराचं घर आहे ना हे? मग एक झाकण करा की लाकडाचं."

मी वडिलांचा रंधा शोधून काढला आहे. झाकण अजून जमलेलं नाही.